मोठ्या कंप्युटरात अडकलेला फोटो

धाकट्या भाऊजींचा तिरोड्यात फोटो स्टुडिओ होता. आमचे मालक गेले त्या वर्षी भाऊजी म्हणाले, "वहिनी, घरी भिंतीकडे पाहत बसण्यापेक्षा दुकानात येऊन बसत जा. बायकांचे केस नीट करून द्यायले, पदर लावून द्यायले कोणी बाई पाहिजेच." मी गेले. कंगवा, पावडरचा डबा, टिकल्यांचं पाकीट आणि एक आरसा, एवढं माझं खातं. कंप्युटर मला कोणी शिकवला नाही. भाऊजींच्या मागे उभी राहून पाहायची आणि ते जेवायला गेले की करून पाहायची. सातवी शिकलेली बाई मी. इंग्रजी अक्षरं ओळखते, शब्द सगळेच कळतात असं नाही. पण हळूहळू फोटोतले डाग काढायला लागले, मागचा रंग बदलायला लागले, आणि मग भाऊजी गिऱ्हाइकांना सांगायचे, "थांबा, वहिनी करून देते."

दुकानात तीन कंप्युटर होते. एक समोर, कॅमेऱ्यातले फोटो उतरवायला. एक मागच्या खोलीत, लग्नाचे अल्बम बनवायला. तिसरा टेबलाखाली, जाडजूड, सगळ्यांत जुना. त्याच्यात आजवरचे सगळे फोटो. कंप्युटरवाले त्याला सर्व्हर म्हणायचे, आम्ही नुसतं 'मोठा' म्हणायचो. फोटो काढला की मोठ्यात टाकायचा, आणि लागेल तेव्हा आपापल्या जागेवर बसून त्यातून काढायचा. घरातल्या रांजणासारखं. कोणीही यावं, गडवा बुडवावा, पाणी घ्यावं.

सकाळचा माझा क्रम ठरलेला. पहिले झाडू, मग उदबत्ती, मग समोरच्या आणि मागच्या कंप्युटरची तारीख मागे न्यायची. हे जरा सांगावं लागेल. अल्बमचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं म्हणजे आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. चाखून पाहायला म्हणून देतात तसलं फुकटातलं कोणीतरी दोन्ही कंप्युटरांवर आणून टाकलेलं, ते महिनाभर चालायचं आणि मग बंद पडायचं. पण कंप्युटरला तारीख जुनीच सांगितली की त्याचा महिना काही संपत नसे. हे काही आमच्याच दुकानातलं शहाणपण नव्हतं. बाजारातला कोणताही स्टुडिओ उघडून पाहा, आत जुनंच साल चालू असायचं. वेळ मात्र बरोबर ठेवायची, कारण भिंतीवरचं घड्याळ बंद होतं आणि आम्ही वेळ कंप्युटरवरच पाहायचो. मला त्या तारखेची इतकी सवय झाली होती की ती खोटी आहे हेही डोक्यात राहिलं नव्हतं.

आता बुढीचं सांगते. जवळच्या बोदलकसा गावची एक ढिवराची बुढी आमच्या बाजारात मासोळ्या घेऊन बसायची. वजनात एक मासोळी वरून टाकायची आणि वरून शिव्याही द्यायची. तिला निराधाराच्या पेन्शनसाठी फोटो पाहिजे होता, म्हणून सून तिला घेऊन दुकानात आली. मी तिचे केस विंचरले. भाऊजी कॅमेऱ्यामागे उभे राहून म्हणाले, "आजी, हसू नका. सरकारी फोटो आहे."

"मंग काय रडू?"

"रडू नका, नुसतं पाहा."

"कोनाकडं पाहू? तुह्याकडं? तुह्यात काय पाहाण्यासारखं हाय?"

सून पदर तोंडाला लावून हसायला लागली, मी हसले, भाऊजी हसले आणि बुढीही हसली. पुढचे दोन दात नाहीत, डोळे बारीक होऊन सुरकुत्यांत गेलेले, मान एका बाजूला पडलेली. तेवढ्यात भाऊजींचं बोट पडलं. मग दुसरा काढला, सरकारला पाहिजे तसा. त्यात बुढी अशी पाहत होती की जणू कोणी तिची मासोळी उचलून पळालं आहे.

सरकारी फोटोच्या प्रती निघाल्या. हसलेला फोटो सुनेनं पडद्यावर पाहिला आणि म्हणाली, "हा किती चांगला आला वो! याले मोठा करून घेऊ कधी तं."

बुढी म्हणाली, "दात नाई तोंडात, अन् मोठा करते म्हणे. गावाले दाखवतेस काय माही बोखी?"

भाऊजी म्हणाले, "राहू द्या आजी, मोठ्यात पडून राहील. पाहिजे तेव्हा या."

दिवस गेले. मोठा कंप्युटर मधेच बंद पडायला लागला. व्हायरस म्हणा, म्हातारपण म्हणा. गोंदियाचा एक इंजिनिअर भाऊजींनी बोलावला. चांगला पोरगेला माणूस, हिंदीत बोलायचा, मला अम्मा म्हणायचा. त्यानं सांगितलं, मशीन तीच राहील, पण आतली विंडोज बदलून सर्व्हरची नवीन टाकतो, फोटोंना धक्का लागणार नाही. दिवसभर बसला, चहा पीत पीत काम केलं. संध्याकाळी म्हणाला, "अम्मा, अब ये नया वाला सख्त है. पहले जैसा धरमशाला नहीं." समोरच्या कंप्युटरवरून एक फोल्डर उघडून दाखवलं, आमच्या दोघांच्या नावाचे पासवर्ड दिले, आणि शेवटच्या गाडीची वेळ झाली म्हणून पळत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू मारला, उदबत्ती लावली, तारखा मागे नेल्या आणि मोठा उघडायला गेले. त्यानं नाव आणि पासवर्ड विचारला. मी टाकला. त्यानं पुन्हा विचारला. मी पुन्हा टाकला, एकेक अक्षर बोट ठेवून. पुन्हा तेच. मागच्या खोलीतल्या कंप्युटरवरूनही तेच.

भाऊजींनी फोन लावला तर इंजिनिअर बालाघाटला, मामाच्या मुलीच्या लग्नाला. मागे ढोल वाजत होता. "शाम को करता हूँ भैया," म्हणाला. संध्याकाळी त्याचा फोन लागला नाही. भाऊजी म्हणाले, "जाऊ द्या, आज काही अडलं नाही."

अडलं ते त्याच्या पुढच्या दिवशी. बुढीची सून दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. चप्पल काढली, आत आली नाही. मी म्हटलं, "काऊन वो, अशी काऊन उभी राहिली? ये ना आत."

"मावशी, बुढी गेली."

दिवाळी होऊन गेलेली, धान कापणीचे दिवस. ताप आला, दोनतीन दिवस अंगावर काढला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, असं तिनं सांगितलं. मी तिला पाणी दिलं. ती पायरीवरच बसली. मग म्हणाली, "थो हसलेला फोटो पाहिजे. रविवारी तेरवी हाय. घरी पेन्शनवालाच एक हाय. आन थो भितीवर लावला तं..." एकदम रडता रडता हसू आलं तिला. "जिती होती तवा का कमी डोरे वटारले मावशी? आता मेल्यावरबी चुलीवरून पाहात राहील, भात जास्त टाकला, मीठ जास्त टाकलं. मले रोज थ्याच भितीखाली रांधा लागते."

मी म्हटलं, "देते ना. आत्ता देते." आणि मग आठवलं, मोठा बंद आहे.

तिला म्हटलं, जरा मशीन बिघडली आहे, शुक्रवारपर्यंत ये. तोंडातून निघून गेलं. शुक्रवारपर्यंत काय होणार होतं ते मला तरी कुठं माहीत होतं!

त्या दिवशी फोन लागला. भाऊजींनी फोन माझ्या हातात दिला, कारण त्यांचा राग नाकावर. इंजिनिअर म्हणाला, "अम्मा, पहले केबल देखो. पीछे लाइट जल रही है?"

"जल रही है. हिरवी. डोळे मिचकावते आहे."

"बढिया. अब काली वाली स्क्रीन खोलो, जो मैंने सिखाई थी. पिंग मारो."

मी पिंग मारलं. मोठ्याकडून उत्तर आलं, एकाखाली एक चार ओळी. त्याला वाचून दाखवल्या. म्हणाला, "देखो, जवाब दे रहा है. मतलब रास्ता साफ है."

म्हणजे असं झालं की दार ठोठावलं तर आतून "हो, हो" येतंय, पण कडी काही कोणी काढत नाही. मग त्यानं मला त्या कंप्युटरच्या आतल्या कुठल्या कुठल्या खोल्यांत फिरवलं. हे बंद करा, ते चालू करा, ग्रुपचं नाव वाचा, अक्षरं सांगा. मी सांगत होते आणि दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला दहावीच्या फॉर्मसाठी फोटो पाहिजे होता आणि तो मधे मधे म्हणत होता, "होऊन राहिलं का नाही काकू?" पासवर्ड बदलून पाहिला. दोन्ही कंप्युटर बंद करून चालू केले. मग इंजिनिअरनं विचारलं, "अम्मा, टाइम तो सही है न आपके कंप्युटर में?"

मी कोपऱ्यात पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. गिऱ्हाइकाच्या हातातल्या घड्याळात पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. म्हटलं, "एकदम बरोबर है."

"तो फिर मेरे को आ के ही देखना पड़ेगा," तो म्हणाला.

मी म्हटलं, बेटा, एकच फोटो पाहिजे रे. मोठ्याला पडदा लावते, तू त्याचा पासवर्ड सांग, मी पेनड्राइव्हमध्ये तेवढा एक फोटो काढून घेते. तो मग म्हणाला, "अम्मा, वो नहीं बता सकता. वो मेरा वाला पासवर्ड है." भाऊजींनी माझ्या हातातून फोन ओढला. "तुझा वाला म्हणजे? मशीन माझी आहे ना?" तर कळलं ते असं, की गोंदियातल्या त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या मशीनवर तोच एक पासवर्ड होता. राइसमिलवाले, गाड्यांच्या शोरूमवाले, सगळे. आम्हाला सांगितला तर सगळ्यांच्या घराची किल्ली आमच्या हातात. "सोमवार को आता हूँ भैया, पक्का," म्हणाला आणि मागे पुन्हा ढोल सुरू झाला.

"सोमवारी काय करू त्याचं? लोणचं घालू?" भाऊजी फोनकडे पाहून म्हणाले.

शुक्रवारी सून येणार म्हणून मी सकाळपासून रस्त्याकडे पाहत होते. बाजारातल्या दुसऱ्या एका कंप्युटरवाल्याला भाऊजींनी बोलावून आणलं. तो आला, कमरेवर हात ठेवून मोठ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "दुसऱ्यानं बसवलेल्याले मी हात लावत नाई. उद्या काही गेलं तं माह्या नावावर." चहा मात्र पिऊन गेला. मग भाऊजींनी पेचकस घेतला. "डबाच खोलतो. आतली डिस्क काढून दुसऱ्या मशीनले लावतो."

"आणि गेले सगळे फोटो तर? अख्ख्या तिरोड्याची लग्नं आहेत त्यात, भाऊजी."

त्यांनी पेचकस खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. मग टेबलावर ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले. मी टेबलाखाली वाकून त्या मोठ्याकडे पाहिलं. त्याचा पंखा घुं घुं करत होता, निवांत. माझ्या पायापासून वीतभर अंतरावर बुढी हसत होती आणि माझा तिथं हात पोचत नव्हता. आयुष्यात पुष्कळ गोष्टी हातातून गेल्या, पण अशी, जागची न हलता गेलेली, ही पहिलीच.

सून आली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. पदराच्या गाठीतून तो पेन्शनचा उरलेला एक लहान फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. घरून निघतानाच बरोबर आणला होता तिनं. म्हणजे तिलाही माहीत असणार.

"याचाच करून दे मावशी. रविवारी लोक येतीन. पाट मोकरा कसा ठेवू?"

मी तो स्कॅनरवर ठेवला आणि मोठा केला. लहान फोटो मोठा केला की कसा होतो ते तुम्हाला माहीत असेल. दाणे दाणे दिसायला लागतात. मला येत होतं ते सगळं केलं. गालावरचे दाणे पुसले, मागे निळं आभाळ टाकलं. ओठांचे कोपरे थोडे वर ओढून पाहिले. तर बुढी बुढीच दिसेना, कोणी भलतीच बाई व्हायला लागली. पुन्हा खाली आणले. सून माझ्या खांद्यामागून पाहत होती. म्हणाली, "राहू दे. जशी हाय तशी राहू दे." भाऊजींनी फ्रेम करून दिली, पैसे घेतले नाहीत. ती फ्रेम छातीशी धरून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बोदलकशाच्या बाजूला जाणाऱ्या काळीपिवळीत चढून गेली.

रविवारी तेरवी झाली. मी गेले नाही. जाऊन काय तोंड दाखवणार होते!

सोमवारी इंजिनिअर आला, हातावरची मेंदी तशीच. मोठ्याला पडदा लावला, आपला तो पासवर्ड टाकला, सगळं ठीक होतं. मग समोरच्या कंप्युटरवर येऊन बसला. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, पुन्हा विचारणा. डोकं खाजवलं. पुन्हा केलं. मग त्यानं कोपऱ्यातल्या वेळेवर बाण नेऊन नुसता ठेवला, आणि तिथं तारीख उमटली. तो वळला. "अम्मा, आपके यहाँ कौन सा साल चल रहा है?"

भाऊजी सहज म्हणाले, "वो तो ऐसाच रखते हैं. अल्बम के वास्ते."

इंजिनिअरनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. नवीन मोठा म्हणे पासवर्डाबरोबर तारीखही ताडून पाहतो. समोरचा कोणी चार-पाच वर्षांपूर्वीचा दिवस सांगत आला, की हा लबाड आहे म्हणून हाकलून देतो. ज्या दिवशी त्यानं काम केलं त्या दिवशी, आपोआप मागे गेल्या असतील समजून, तारखा खऱ्या करून ठेवल्या होत्या, म्हणून त्याच्यासमोर उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उदबत्तीबरोबर मी त्या मागे नेल्या. "अम्मा, मैंने फोन पर पूछा था न, टाइम सही है क्या?"

"टाइम बरोबरच होता रे," मी म्हटलं. तो पाहतच राहिला, आणि मग त्यालाच हसू आलं. मला नाही आलं.

त्यानं तारीख आजची केली आणि मोठा उघडला. फट्कन. बुढी सापडली, जशीच्या तशी, मान एका बाजूला. आणि त्याच क्षणी मागच्या खोलीतून भाऊजींचा आवाज आला, कारण त्यांनीही तिकडे तारीख खरी केली होती आणि अल्बमचं सॉफ्टवेअर म्हणालं होतं, तुमची मुदत संपली. तुळशीचं लग्न लागलेलं, लग्नांची कामं येऊन पडलेली. शेवटी असं ठरलं की समोरचा कंप्युटर आजच्या तारखेत राहील, मागचा जुन्यात राहील, आणि फोटो पेनड्राइव्हनं इकडून तिकडे न्यायचे. इंजिनिअर म्हणाला, हा काही इलाज नाही. भाऊजी म्हणाले, आमच्याकडे हाच असतो.

मी बुढीचा फोटो चांगल्या कागदावर काढला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बोदलकशाला गेले. अंगणात जाळं वाळत घातलेलं. सून बसून मासोळ्या साफ करत होती. आत चुलीवरच्या भिंतीला ती फ्रेम, तिला झेंडूचा हार, सुकायला आलेला. निळ्या आभाळासमोर बुढी डोळे वटारून बसलेली.

मी पिशवीतून फोटो काढला. सुनेचे हात भरलेले होते, म्हणून मीच तिच्यासमोर धरला. ती कितीतरी वेळ पाहत होती. वाकल्या वाकल्या, सुरी हातात तशीच.

"हसून राहिली," म्हणाली.

मी म्हटलं, "फ्रेम उतरव, मी हा टाकून देते. आणलंय सगळं बरोबर."

"नाई मावशी. त्याले हार घातला. सारे पाया पडून गेले. आता उतरवत नसतेत."

हे मलाही माहीत होतं. आमच्याकडेही कोणी उतरवत नाही. एकदा तेरवीच्या पाटावर बसलेला फोटो तोच माणूस, मग तो कसाही असो. तरी मी विचारलं होतं.

तिनं हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. मग फोटो घेतला आणि फळीवर मिठाच्या बरणीमागे उभा करून ठेवला. बरणी पुढे ओढली तर दिसत नव्हता, उचलली तर दिसत होता. भिंतीकडे हात करून म्हणाली, "थे सरकारची होय. हे माही." आणि लगेच, "बस, चहा मांडते. उभ्यानं जाशील तं थे वरून पाहून राहिलीच हाय."

मी बसले. चहात तिनं चुकून बरणीतलं मीठ टाकायला घेतलं, तेव्हा दोघींनीही वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात झाडू मारला, उदबत्ती लावली, आणि मागच्या खोलीतल्या कंप्युटरची तारीख मागे नेली. इतकी वर्षं नेत होते, पण ती तारीख कोणती आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. त्या तारखेला आमचे मालक घरी होते. बुढी बाजारात मासोळ्या घेऊन बसलेली होती. मी ओके दाबलं आणि कोणाच्यातरी लग्नाचा अल्बम उघडला.